डावा हातमोजा

उजवा आमचा आहे.
डावा उसना.

बावीस वर्षं दोघे एकाच काचेखाली,
पंचेचाळीस टक्के आर्द्रता, आजारी खोलीतल्यासारखा उजेड,
आणि खाली पितळी पाटी :
अध्यक्षांचे हातमोजे, शपथविधीचा हिवाळा.
पाटीला कुठे ठाऊक
की त्यातल्या एकाचा विमा
दर जुलैला राज्याच्या तिजोरीतून भरतात,
आणि दुसरा घरचाच, त्याला कोण विचारतो.

यंदा राजधानीत समितीने
ओळ क्रमांक चारशे सतरा एका दुपारी खोडली.
छप्पर राहिलं. लॉनचं गवत कापणं राहिलं.
पुतळ्यावरची कबुतरं हुसकायची तरतूदही राहिली.
गेली ती फक्त उसनवारी.
"ज्याचं त्याला देऊन टाका," एक सिनेटर म्हणाले,
"लोकांच्या पैशाने लोकांची चामडी किती सांभाळायची?"
सभागृह हसलं. ते इतिवृत्तात नाही.

मी रजिस्ट्रार. म्हणजे वस्तूंची कारकून.
करार अकरा पानांचा, कलम नऊ :
जशी घेतली तशीच परत.
म्हणून हातांत निळे रबरी हातमोजे चढवून
मी तो हातमोजा उचलते,
भिंगाखाली धरते, लिहिते :
अंगठ्याच्या पेरावर चामडं झिजलेलं, पूर्वीइतकंच.
करंगळीची शिवण चार मिलिमीटर उसवलेली, पूर्वीइतकीच.
आत घामाचा पुसट डाग; कुणाचा, सांगता येत नाही.
माझा असा अहवाल कुणी ठेवला नाही.
तो आला तेव्हा मी जिना
दोन-दोन पायऱ्यांनी चढत होते.

डाव्याची गोष्ट पाटीवर मावली नव्हती.
डाकोटातलं आडस्टेशन, पाणी भरायला थांबलेली गाडी,
खिडकीतून हलणारा एक हात,
आणि गाडी सुटताना बर्फात काहीतरी काळं पडलेलं.
ब्रुस्टॅड नावाचा हमाल ते उचलून
रुळांमधून धावला, हात उंच करून, ओरडत.
शेवटच्या डब्यातल्यांना वाटलं, निरोप देतोय.
त्यांनीही हात हलवले.

मग त्याने पत्र लिहिलं : आपली वस्तू माझ्याकडे आहे.
छापील उत्तर आलं :
आपल्या शुभेच्छांबद्दल आभारी आहोत.

त्याची नात आल्मा. फॉर्मवर मालकाचं नाव
तिने कोरंच ठेवलं होतं.
आमचे संचालक तेव्हा गोड बोलून म्हणाले होते,
दान द्या ना, करातही सूट मिळेल.
"दान कसं देऊ? आमचं नाहीच ते.
उसनं म्हणा."

सहा तास गाडी हाकली.
पेटी शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून.
वाटेत मक्याची कापलेली शेतं, एक बंद पेट्रोलपंप,
रेडिओवर गुरांचे भाव.
उसनं फेडताना माप शिगोशीग द्यावं म्हणतात;
मी काय भरून देणार?
आम्लमुक्त कागदाचे चार ताव,
सिलिका जेलची पुडी,
आणि तीन ठिकाणी सही.

अठ्ठ्याऐंशीची आल्मा. स्वयंपाकघरातलं टेबल,
त्यावर अर्धं सोललेलं सफरचंद.
तिने सह्या केल्या, पेटी उघडली,
आणि मी नको म्हणेपर्यंत
हात आत सरकवला.
बराच वेळ बोटं हलवून पाहिली.
"मोठा होतो," म्हणाली.
मग माझ्याकडे : "आता कुणाला द्यायचा हा?"
करारात त्याला कलम नव्हतं.
मी सफरचंदाची एक फोड खाल्ली.

इथे काचेखाली उजवा एकटा आहे.
शाळेची मुलं विचारतात, दुसरा कुठंय?
पाटीवरचं अनेकवचन अजून तसंच.
नवी पाटी कोरायचा खर्चही
त्याच ओळीत होता.